गजकर्ण हटेना, कारण...

गेल्या दशकभरात भारतात गजकर्णाचे रूप बदलले आहे. पूर्वी दोन-तीन आठवडे मलम लावले की जाणारा चट्टा आता महिनोन्‌महिने रेंगाळतो, बरा झाला म्हणता म्हणता पुन्हा उठतो आणि घरातल्या सगळ्यांना गाठतो. यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. २०२३ मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही नोंदले गेले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही.

मग दुसरे औषध का देत नाहीत? उत्तर बुरशीच्या पेशीत आहे. ही बुरशी धाग्यासारखी असते आणि धागा फक्त टोकाशी वाढतो. वाढीचे सामान मात्र मागे तयार होते. ते पुढे नेण्यासाठी धाग्यात लांबीच्या दिशेने ‘ट्युब्युलिन’ या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका रुळांसारख्या पसरलेल्या असतात. त्यांवरून ‘मोटर’ प्रथिने सामान ओढून नेतात. पेशीकेंद्राचे विभाजन होताना गुणसूत्रांची वाटणीही अशाच नलिका करतात.

१९३९ मध्ये पेनिसिलियम बुरशीतून मिळालेले ग्रिसिओफुल्विन नेमके या नलिकांचे काम बिघडवते. त्याच्या संपर्कात बुरशीचे धागे वेडेवाकडे पिळवटतात. पण ते बुरशीला मारत नाही, तिची वाढ थांबवते. नव्या त्वचेत औषध मुरते आणि बाधित जुना थर झडून जावा लागतो. म्हणूनच हे उपचार कित्येक आठवडे चालतात आणि खाज थांबताच गोळ्या सोडल्या की रोग परततो.

आज हे जुने औषधही तोकडे पडते आहे. वाराणसीत २०० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनी ग्रिसिओफुल्विनने १४ टक्के, टर्बिनाफिनने २८ टक्के, तर इट्राकोनाझोलने ६६ टक्के रुग्ण बरे झाले.

नवी औषधे शोधणे सोपे नाही, कारण पेशीच्या रचनेत बुरशी जिवाणूंपेक्षा माणसाला जवळची आहे. सूक्ष्मनलिकांची सुरुवात करून देणारे गॅमा-ट्युब्युलिन १९८९ मध्ये प्रथम एका बुरशीतच सापडले. पुढे ते मानवी पेशींतही आढळले. बुरशीला इजा करणारे औषध माणसालाही इजा करू शकते. त्यामुळे हाताशी असलेली मोजकी औषधे जपणे भाग आहे.

नेमके तेच होत नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. लाली आणि खाज लगेच कमी होते. पण त्वचेचा प्रतिकार दबतो आणि बुरशी निवांत पसरते. चट्टा दिसला की डॉक्टरांना दाखवावे, गरज पडल्यास त्वचेच्या खरवडीची तपासणी करावी, घरातल्या बाधितांवर एकाच वेळी उपचार करावेत, टॉवेल-कपडे वेगळे ठेवावेत. आणि गोळ्या खाज थांबेपर्यंत नव्हे, डॉक्टर सांगतील तोपर्यंत घ्याव्यात.