पर्यावरणाचा तास आणि गळका नळ

शाळेत दरवर्षी पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या जमा होतात. मुखपृष्ठावर झाड, आत झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेली चित्रं. मी सह्या करतो, गुण देतो. त्याच वर्गाबाहेरचा नळ जूनपासून गळतोय.

अमेरिकेतले डेव्हिड ऑर मला अशा वेळी आठवतात. माणूस मूळचा राज्यशास्त्राचा. १९७९ साली भावाबरोबर आर्कान्सात मेडोक्रीक हे केंद्र काढलं, मग १९९० पासून ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात पर्यावरण शिकवलं. त्याच वर्षी एका पदवीदान समारंभात त्यांनी पदवीधरांना सुनावलं की पृथ्वीची नासाडी अडाण्यांनी नव्हे, तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी केली. त्यांनी पदव्यांची यादीच दिली. त्यात बी.एड. नव्हती, ती मी माझ्यापुरती जोडून घेतो.

ऑर यांचं म्हणणं असं, की सगळं शिक्षण पर्यावरणाचंच असतं. अर्थशास्त्रात नदीचं नावही निघालं नाही, तर नदीचा हिशेब ठेवायची गरज नाही हे मूल न सांगता शिकतं. शाळेची इमारतही शिकवते. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना आराखड्यात सामील करून घेत इमारतच उभी केली. ती २००० साली सुरू झाली. छतावर सौर पॅनल, आणि सांडपाणी वनस्पतींच्या टाक्यांतून शुद्ध होऊन पुन्हा शौचालयाला. पुढे त्याच कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने आकडे मांडून दाखवलं, की इमारत सांगितल्यापेक्षा बरीच जास्त वीज खाते. मला हाच भाग सगळ्यात आवडतो. दावा चुकला की मोजणारा माणूस त्याच आवारात निघतो! आमच्याकडे वही तपासली जाते, नळ नाही.

"ते पैसेवाले, त्यांना परवडतं," असं आमचे सहकारी म्हणतात. अहो, नळाच्या वायसरला किती पैसे लागतात? आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर, शाळा-कॉलेजांत पर्यावरण सक्तीने शिकवा असं सांगितलं. आपण त्याचा विषय केला, तास केला, गुण केले. सक्ती पाळली गेली, पण तास संपला की पर्यावरणही संपतं, आणि याला आपण तालीम म्हणतो. उर्दू माध्यम असो की मराठी, यात काही फरक नाही.

यंदा मी वह्या मागवल्या नाहीत. सातवीची पोरं नळाखाली बादली ठेवून तासाला किती पाणी जातं ते लिहून ठेवताहेत. मुख्याध्यापकांनी काल विचारलं, "सर, याचे गुण कोणत्या रकान्यात भरणार?"