वाळवंटातले शहर आणि नियमांची फूटपट्टी

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात सेडोना नावाचे एक लहानसे गाव आहे. तांबड्या खडकांच्या उंच कड्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. १९९३ साली मॅक्डोनल्ड्स कंपनीने तेथे आपले उपाहारगृह उघडले, तेव्हा जगभर ओळखल्या जाणाऱ्या तिच्या पिवळ्या कमानी गावच्या अधिकाऱ्यांना खटकल्या. तांबड्या कड्यांपुढे हा भडक पिवळा रंग विशोभित दिसेल, असे त्यांचे म्हणणे पडले. अखेर कंपनीने निळसर हिरव्या रंगाची कमान लावली, आणि आता प्रवासी तिच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात. एवढ्या मोठ्या कंपनीला एका लहान गावाने रंग बदलायला लावला, ही हकिकत गमतीची म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे. स्वतःच्या जमिनीवर काय आणि कसे बांधायचे हे केवळ मालकाने ठरवायचे, की ते बांधकाम रोज पाहणाऱ्या गावालाही त्याविषयी बोलता यावे? अॅरिझोनाच्या विधिमंडळाने २०२५ साली या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे. ते नीट पारखून पाहण्याजोगे आहे.

सेडोनापासून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेला, फिनिक्स महानगराला लागून, स्कॉट्सडेल हे शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची वस्ती दोन लाख एक्केचाळीस हजारांच्या घरात होती. सोनोरन वाळवंटाचा हा प्रदेश. येथे वर्षाकाठी जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडतो. १९५१ साली शहराचा दर्जा मिळाला तेव्हा हे एक चिमुकले गाव होते. मॅक्डॉवेल डोंगराच्या पायथ्याशी १९३७ पासून फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने आपले 'टॅलिएसिन वेस्ट' उभारायला घेतले होते. तेथलेच दगड, तेथलीच वाळू, जमिनीलगत राहणारी बैठी बांधणी. वाळवंटातले घर वाळवंटाचाच एक भाग वाटले पाहिजे, हा विचार या शहराने तेथून घेतला असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

सात माणसांचे मंडळ

या विचाराला कारभारात जे रूप मिळाले, ते म्हणजे स्कॉट्सडेलचे 'डेव्हलपमेंट रिव्ह्यू बोर्ड', अर्थात विकास-परीक्षण मंडळ. सात सदस्यांच्या या मंडळात नगर परिषदेचा एक सदस्य, नियोजन आयोगाचा एक सदस्य आणि बाकीचे नागरिक असतात. स्वतंत्र बंगले सोडले तर दुकाने, कचेऱ्या, हॉटेले, सदनिकांच्या इमारती यांचे आराखडे या मंडळापुढे येत. इमारतीची उंची व ठेवण, भिंतींचा रंग, दगड-विटांचे नमुने, रात्रीचे दिवे, वाहनतळ आणि आवारात लावायची झाडे, असे सारे मंडळ पाहत असे. आपल्याकडे विकास आराखड्यावर 'हरकती व सूचना' मागवितात. येथे मात्र एकेका इमारतीवर जाहीरपणे चर्चा होई आणि शेजारच्या रहिवाशाला उभे राहून आपले म्हणणे मांडता येई. निर्णय पटला नाही तर परिषदेकडे दाद मागण्याची सोय होती.

आवारात कोणती झाडे लावायची, हा प्रश्न आपल्याला किरकोळ वाटेल. वाळवंटात तो किरकोळ नाही. सवारो हा तेथला उंच, खांबासारखा निवडुंग. त्याला पहिला फाटा फुटायला साधारणतः पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. त्याचे रोप कोवळेपणी पालो व्हर्दे या हिरव्या सालीच्या झाडाच्या विरळ सावलीत तग धरते. म्हणजे आज पालो व्हर्दे तोडले, तर त्याखाली वाढणारा पुढच्या शतकाचा सवारोही गेला. मेस्कीट हे तेथले आणखी एक झाड. आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून जे माजले आहे, त्याचे ते भाऊबंद. फरक इतकाच की ते तेथे आपल्या घरी आहे. स्कॉट्सडेलने १९८१ साली स्थानिक वनस्पतींच्या रक्षणाचा नियम केला. बांधकामापूर्वी जागेवरील झाडांची मोजदाद करायची, वाचविता येतील ती मुळांसकट उचलायची, जोपासायची आणि पुन्हा त्याच आवारात लावायची, अशी पद्धत त्यातून रूढ झाली.

नियम कोठून आले?

हे नियम एखाद्या तज्ज्ञाने खोलीत बसून लिहिले आणि सर्वांनी निमूटपणे पाळले, असे घडलेले नाही. १९७७ मध्ये शहराने डोंगरउतारांवरील बांधकामाला आळा घालणारा नियम केला. एका जमीनमालकिणीने त्याला आव्हान दिले. डोंगराचा वरचा भाग मोकळा ठेवायला लावणे म्हणजे मोबदला न देता जमीन काढून घेणे होय, असा निकाल राज्याच्या अपील न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचा हक्कही मान्य केला. शहराला पुन्हा पाटी कोरी करून बसावे लागले. त्यातून १९९१ मध्ये 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जमिनीं'विषयीचा नियम आला. उतार जितका चढा, तितका जमिनीचा अधिक हिस्सा नैसर्गिक अवस्थेत मोकळा ठेवायचा. पावसाळी ओहोळ बुजवायचे नाहीत. आणि पडलेल्या प्रकाशापैकी पस्तीस टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकील असा रंग भिंतींना द्यायचा नाही. उद्देश हा की, दुरून पाहताना घर डोंगरात मिसळून जावे.

१९९५ मध्ये मतदारांनी डोंगराची जमीन विकत घेण्यासाठी स्वतःवर ०.२ टक्के विक्रीकर लादून घेतला. त्यातून मॅक्डॉवेल सोनोरन संरक्षित क्षेत्र विस्तारत गेले आणि आज ते तीस हजार एकरांहून मोठे आहे. २०१८ मध्ये याच मतदारांनी, या क्षेत्रात बांधकाम करायचे तर आधी आमचा कौल घ्या, अशी तरतूद करून घेतली. वाद, निकाल, सुनावण्या आणि मतदान या चाकोरीतून जात जात शहराची आवडनिवड नियमांच्या भाषेत उतरली आहे. हा क्रम लक्षात ठेवला पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

नव्या कायद्याचे म्हणणे

२०२५ मध्ये राज्याने जो कायदा केला, त्याचा आशय थोडक्यात असा: शहरांनी जागेचे आराखडे, भूखंडांचे नकाशे आणि वास्तुरचनेचे प्रस्ताव मंजूर करण्याचे अधिकार आपल्या अधिकाऱ्यांना द्यावेत, रचनेची तपासणी वस्तुनिष्ठ निकषांवर व्हावी, आणि त्यासाठी जाहीर सुनावणी असू नये. याची अंमलबजावणी २०२६ च्या आरंभापासून व्हावयाची होती. 'ही इमारत येथे शोभत नाही' हे वाक्य त्यामुळे मंजुरीच्या प्रक्रियेतून बाद झाले. इमारत नियमात बसते किंवा बसत नाही, एवढेच उरले.

या कायद्याला विरोध करणे सोपे आहे. पण त्यामागील कारणे खोटी नाहीत. अॅरिझोनात घरांच्या किमती गेल्या काही वर्षांत सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. प्रत्येक सुनावणी म्हणजे काही आठवडे, प्रत्येक दुरुस्ती म्हणजे पुन्हा नकाशे, आणि हा सारा खर्च अखेर भाडेकरूच्या माथी बसतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. सुनावणीला येतो तो ज्याचे घर आधीच झाले आहे तो. नव्या इमारतीत जो राहायला येणार, तो अद्याप त्या शहरात नसतो. त्याच्या वतीने तेथे कोणी बोलत नाही. सौंदर्याच्या नावाखाली नको असलेल्या शेजाऱ्याला बाहेर ठेवता येते, हा आरोप स्कॉट्सडेलसारख्या सधन शहरावर होतो आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. शिवाय सात माणसांच्या मर्जीपेक्षा लिहिलेला नियम बरा, हे तत्त्व कोणत्याही लोकशाहीत मान्य व्हावे असेच आहे. लहान विकासकाला आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे आधी कळते. ओळखीपाळखी आणि वकिलांची फौज यांचे मोल कमी होते.

फूटपट्टीला न दिसणारे

असे असताना चिंता कशाची? चिंता याची की, नियम हा कालच्या अनुभवातून तयार होतो आणि वाळवंट मात्र बदलत आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सचे तापमान सलग एकतीस दिवस ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले. स्कॉट्सडेल ज्या मॅरिकोपा परगण्यात येते, तेथे त्या वर्षी उष्म्याने ६४५ बळी घेतले. त्याच उन्हाळ्यात, शतकभर उभे असलेले सवारो कोलमडून पडल्याचेही दिसले.

आता १९९१ च्या रंगाच्या नियमाकडे पुन्हा पाहा. डोंगरात घर दिसू नये म्हणून त्याने गडद रंग मागितला. परंतु भिंत थंड ठेवायची तर फिकट रंगच बरा, हे मराठवाड्यातला चुना देणारा गवंडीही सांगेल. पालो व्हर्देची विरळ सावली सवारोच्या रोपाला पुरते. बसथांब्यावर उभ्या असलेल्या मोलकरणीला ती पुरत नाही. दाट सावलीचे झाड लावावे तर त्याला पाणी अधिक लागते. स्कॉट्सडेलने ऑगस्ट २०२३ पासून नव्या घरांच्या पुढील अंगणात खऱ्या हिरवळीला बंदी केली, ती पाण्याच्या दृष्टीने योग्यच होती. पण तिच्या जागी कोणी प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली तर ती उन्हात पाय ठेववणार नाही इतकी तापते. पाणी, ऊन आणि दृश्य या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येऊ लागल्या की फूटपट्टी कामाची राहत नाही. पस्तीस टक्के म्हणजे पस्तीस टक्के, एवढेच ती सांगते. तो आकडा आता चुकत तर नाही ना, ही शंका तिला येऊ शकत नाही. ती एखाद्या माणसाला येते, आणि ती मोठ्याने बोलून दाखविण्याची जागा म्हणजे जाहीर सुनावणी.

पाण्याची गोष्ट तर अधिकच निकडीची आहे. शहराचे बहुतांश पाणी कोलोरॅडो नदीतून कालव्याने येते आणि तुटवड्यामुळे २०२२ पासून अॅरिझोनाच्या वाट्यात कपात सुरू झाली. १ जानेवारी २०२३ रोजी स्कॉट्सडेलने आपल्या हद्दीबाहेरील रिओ व्हर्दे फूटहिल्स या वस्तीला टँकरसाठी दिले जाणारे पाणी बंद केले. नियोजनाच्या देखरेखीबाहेर उभी राहिलेली शेकडो घरे रातोरात पाण्यासाठी दाही दिशा फिरू लागली. देखरेख नसली म्हणजे काय होते, याचा इतका जवळचा दाखला दुसरा नसेल.

राज्य आणि शहर

कायद्याचे समर्थक म्हणतात की, नागरिकांनी आपले म्हणणे इमारतीच्या वेळी न मांडता नियम बनताना, जमिनीचा वापर ठरताना मांडावे. जमिनीचा वापर बदलण्यावरील सुनावण्या कायम आहेत. युक्तिवाद म्हणून हे बिनतोड आहे. पण त्याच वर्षी त्याच विधिमंडळाने काय केले, तेही पाहावे लागते. पोलिसांसाठी टेझर आणि कॅमेरे बनविणाऱ्या अॅक्सॉन कंपनीला स्कॉट्सडेलच्या उत्तर भागात आपले मुख्यालय आणि त्यासोबत सुमारे एकोणीसशे सदनिका हव्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये परिषदेने मंजुरी दिली. नागरिकांनी पंचवीस हजारांहून अधिक सह्या गोळा करून या निर्णयावर सार्वमत मागितले. हे नियम ठरण्याच्या पातळीवरचेच, म्हणजे समर्थकांना अभिप्रेत असलेलेच म्हणणे होते. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने खास कायदा करून ते सार्वमतच अडविले. कायद्यात कंपनीचे नाव नव्हते. अटी मात्र तिच्या मापाने बेतल्या होत्या. वाद त्यानंतरही मिटला नाही. पुढच्या दाराने या असे सांगायचे आणि पुढचे दारही लावून घ्यायचे, या वर्तनाने कायद्याच्या चांगल्या भागावरचाही विश्वास उडतो.

यातून मार्ग नाही असे नाही. प्रत्येक इमारतीला थांबवून ठेवणारे मंडळ परत आणावे, असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्यांना घर नाही त्यांच्यावर तो अन्याय होईल. पण मंडळ बरखास्त करण्याचीही गरज नाही. नियमात बसून मंजूर झालेल्या इमारती बांधून झाल्यावर दरवर्षी याच मंडळाने त्या पाहाव्यात. लावलेली झाडे किती जगली, पादचाऱ्याला सावली मिळाली का, भिंती किती तापल्या, पाणी किती लागले, याचा हिशेब जाहीर सुनावणीत मांडावा आणि त्यावरून नियम बदलण्याची शिफारस करावी. एका बांधकामाची मंजुरी त्यामुळे अडत नाही, आणि नियमांची परीक्षाही थांबत नाही.

स्कॉट्सडेलच्या नियमांचे बळ ते वादातून आले यात आहे. १९७७ चा नियम न्यायालयात हरला म्हणून १९९१ चा नियम अधिक शहाणा झाला. वाद ऐकण्याची जागाच बंद केली, तर आजचे आकडे आणखी तीस वर्षे तसेच राहतील. त्या काळात वाळवंट मात्र कोणाच्याही परवानगीशिवाय तापत राहील.