खेळाचा कारभार आणि त्याचें शिक्षण

परीक्षा आटोपल्या कीं दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या घरीं एकच प्रश्न ऐकूं येऊं लागतो : पुढें काय? वैद्यकी, स्थापत्य, वकिली, वाणिज्य हीं उत्तरें जुनीं आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. 'आम्हांस स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकावयाचें आहे,' असें कांहीं विद्यार्थी सांगूं लागले आहेत. हें ऐकून वडील मंडळी हंसतात, नाहीं तर रागावतात. खेळ हा सायंकाळचा विषय. त्याची पदवी कसली घ्यावयाची, असें त्यांस वाटतें. उलट विद्यार्थ्यांच्या मनांत निराळेंच चित्र असतें. नामांकित क्रिकेटपटूंच्या पंक्तीस बसावयास मिळेल, देशोदेशीं हिंडावयास मिळेल, आणि सामने तर फुकट पाहावयास मिळतीलच! आमच्या मतें हे दोन्ही समज सारखेच चुकीचे आहेत. क्रीडाव्यवस्थापन ही हंसण्यावारी नेण्याजोगी विद्या नव्हे, आणि ती चैनीची वाटहि नव्हे. दुसऱ्याचे श्रम वायां जाऊं नयेत म्हणून स्वतः पडद्याआड राहून कारभार पाहण्याची ही विद्या आहे. ज्यास पडद्याआड राहण्यांत समाधान वाटतें, त्यानेंच तिची वाट धरावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम ही विद्या कोणती, हें नीट समजून घेऊं. खेळणें ही एक गोष्ट, खेळ शिकविणें ही दुसरी, आणि खेळाची व्यवस्था पाहणें ही तिसरी. यांपैकीं दुसरीचें शिक्षण आपल्या देशांत जुनें आहे. मद्रास येथें हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय काढिलें. पुढें १९५७ सालीं ग्वाल्हेरचें लक्ष्मीबाई महाविद्यालय व १९६१ सालीं पतियाळाची राष्ट्रीय क्रीडासंस्था स्थापन झाली. या संस्थांनीं व्यायामशिक्षक व मार्गदर्शक तयार केले. परंतु मैदान भाड्यानें घेणें, परवाने मिळविणें, पंचांच्या प्रवासाची व निवासाची सोय करणें, तिकिटें विकणें, विमा उतरविणें, प्रेक्षकांच्या जाण्यायेण्याचे मार्ग आंखणें, प्रक्षेपणाचे करार करणें आणि शेवटीं पैपैचा हिशेब देणें, हीं कामें कोणी शिकविलीं? बहुधा कोणीच नाहीं. तीं ज्यास जमतील त्यानें हौसेनें करावींत, अशीच आजवर रीत होती. क्रीडाव्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत हिशेब, करारांचा कायदा, जाहिरात व विक्री, मैदानांची देखभाल, उत्तेजक द्रव्यांविरुद्धचे नियम आणि स्पर्धांचें संयोजन हे विषय असतात. आणि एखाद्या संघाकडे किंवा संस्थेकडे कांहीं महिने प्रत्यक्ष उमेदवारीहि करावी लागते.

या शिक्षणाचा उगमहि बोधप्रद आहे. अमेरिकेंत ब्रुकलिन डॉजर्स नांवाच्या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांनीं १९५७ सालीं जेम्स मेसन या प्राध्यापकांस पत्र लिहून विचारिलें कीं, क्रीडागारें, शर्यतीचीं मैदानें यांसारख्या स्थानांचा कारभार पाहण्याचें रीतसर शिक्षण घेतलेला मनुष्य हवा असल्यास तो कोठें शोधावा? असा मनुष्य तयार करणारें विद्यापीठ त्या वेळीं नव्हतें. पुढें १९६६ सालीं अथेन्स गांवच्या ओहायो विद्यापीठानें या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. म्हणजे ही विद्या विद्वानांच्या कल्पनेंतून निघाली नाहीं. एका मालकास कारभारी मिळेना, त्या गरजेंतून ती निघाली.

आपल्याकडे ही गरज नव्हती काय? होती, आणि तिची किंमत आपल्या खेळाडूंनीं मोजली आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे मल्ल खाशाबा जाधव यांचें उदाहरण घ्यावें. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्पर्धेंत त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें वैयक्तिक स्पर्धेंत मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. परंतु हेलसिंकीस जाण्याचा खर्च कोणीं केला? गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, आणि कोल्हापुरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गुरूचें हें औदार्य वंदनीय आहे. परंतु ज्या देशाच्या प्रतिनिधीस परदेशीं धाडण्यासाठीं प्राचार्यास घर गहाण टाकावें लागतें, त्या देशांत खेळाचा कारभार आहे, असें कोण म्हणेल?

गोष्ट येथेंच संपत नाहीं. हेलसिंकीस जपानच्या इशीशीं दीर्घ झुंज देऊन खाशाबा आखाड्याबाहेर आले, तोंच त्यांस सोव्हिएत मल्लाशीं लढण्याचा हुकूम झाला. दोन कुस्त्यांच्या मध्यें अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी असा नियम होता. परंतु त्या नियमावर बोट ठेवून हक्क मागणारा एकहि भारतीय अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. विश्रांति मिळती तर पदकाचा रंग बदलता कीं काय, याचा तर्क करण्यांत अर्थ नाहीं. मल्लानें आपलें काम केलें होतें, नियमहि त्याच्या बाजूस होता. उणा होता तो नियम ठाऊक असलेला व वेळेवर जागेवर असलेला एक मनुष्य. तो मनुष्य तयार करणें, हेंच या शिक्षणाचें प्रयोजन होय.

कारभार चुकला तर केवळ पदकें जातात असें नाहीं, माणसेंहि जातात. १६ ऑगस्ट १९८० रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा फुटबॉलचा सामना चालू असतां प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली व १६ जण मरण पावले. इंग्लंडांत शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजीं गर्दी कमी करण्यासाठीं एक दरवाजा उघडण्यांत आला. परंतु आधींच भरलेल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद करण्याचें कोणास सुचलें नाहीं. त्या अपघातांत ९७ माणसें प्राणांस मुकलीं. पुष्कळ वर्षें दोष प्रेक्षकांच्या माथीं मारला गेला; २०१६ सालीं पंचांच्या चौकशीनें तो पुसला. आणि ४ जून २०२५ रोजीं बंगळूरच्या चिन्नस्वामी मैदानाबाहेर विजयाच्या उत्सवास लोटलेल्या गर्दींत ११ जणांचा अंत झाला, हें तर आपण सर्वांनींच वाचलें आहे. दरवाजे किती, ते किती रुंद, एका मिनिटास किती माणसें आंत जातील, आंत जागा उरली नाहीं हें बाहेरच्या शिपायास कोण व कसें कळवील, हे प्रश्न दिसावयास रुक्ष आहेत. पण आपला मुलगा सामना पाहून सुखरूप घरीं येणें हें त्यांच्या उत्तरांवर अवलंबून असतें. ज्या विद्येंत हे प्रश्न अभ्यासिले जातात, तीस खेळकर म्हणून नाकारणें शहाणपणाचें नव्हे.

आतां व्यवहाराकडे वळूं. खेळांत आज फार मोठा पैसा आला आहे, हें खरें. आय. पी. एल. ही क्रिकेटची स्पर्धा २००८ सालीं सुरू झाली. तिच्या २०२३ ते २०२७ या पांच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. मातींतली आपली कबड्डी २०१४ पासून व्यावसायिक संघांच्या स्पर्धेच्या रूपानें घरोघरीं दिसूं लागली. मणिपुरांतील राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०१८ सालीं झाला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०२० सालीं आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा संमत केला. २०२५ सालच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानें तर खेळांच्या राष्ट्रीय संघटनांस मान्यता देण्यासाठीं मंडळ व त्यांचे तंटे तोडण्यासाठीं न्यायाधिकरण नेमण्याची तरतूद केली आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेस व्हावयाच्या आहेत. याच राष्ट्रकुल स्पर्धा २०१० सालीं दिल्लीस झाल्या, तेव्हां उद्घाटनास थोडे दिवस राहिले असतां मुख्य मैदानाजवळचा पादचारी पूल कोसळला आणि पुढें जमाखर्चाच्या चौकशा झाल्या. तेव्हां कारभाऱ्यांची उणीव आहे, यांत शंका नाहीं.

परंतु उणीव आहे म्हणून प्रत्येक पदवीधरास जागा मिळेलच, असा हिशेब पालकांनीं मांडूं नये. कोट्यवधि रुपयांचे आंकडे वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत येतात. नवशिक्या उमेदवाराच्या पगाराचा आंकडा कोणी छापीत नाहीं. जग ज्या दिवशीं सुट्टी घेऊन सामना पाहतें, तोच या माणसाचा सर्वांत कष्टाचा दिवस असतो. सामना सुरू होण्यापूर्वीं तो पहांटेस मैदानावर येतो आणि शेवटचा प्रेक्षक गेल्यावर घरीं जातो; मधला खेळ त्यास बहुधा दिसतहि नाहीं. क्रिकेटखेरीज इतर खेळांत पैसा अजून पातळ आहे. हें सारें जाणून जो येईल, त्याचें आम्ही स्वागत करूं.

शिवाय या नव्या नांवाच्या मोहाचा फायदा घेणाऱ्या संस्थाहि निघाल्या नसत्या तरच नवल. म्हणून फी भरण्यापूर्वीं पालकांनीं चार प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला : मिळणारा कागद पदवी आहे कीं नुसतें प्रमाणपत्र? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांस व कायद्यानें तसा हक्क मिळालेल्या संस्थांसच आहे. आणि खोट्या विद्यापीठांची यादी हा आयोग वेळोवेळीं प्रसिद्ध करितो. दुसरा : उमेदवारी कोठें मिळते, आणि तेथें विद्यार्थी काम शिकतो कीं केवळ खुर्च्या मांडतो? तिसरा : हिशेब व कायदा हे विषय कोण शिकवितो? चवथा : मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठें आहेत? या चौथ्या प्रश्नास जी संस्था रंगीत पत्रक पुढें करते पण माणसें दाखवीत नाहीं, तिच्या पायऱ्या पुन्हां चढूं नयेत.

आमचा स्वतःचा सल्ला असा कीं, बारावीनंतर लगेच या विषयाच्या मागें न लागतां आधीं वाणिज्य, कायदा, अर्थशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण यांपैकीं एकाची भक्कम पदवी घ्यावी व नंतर क्रीडाव्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास करावा. यावर कोणी म्हणेल कीं, लवकर आरंभ केला तर अनुभव लवकर येईल. या म्हणण्यांत तथ्य आहे; पण खेळाच्या धंद्यांत जागा न मिळाली, तर वाणिज्याचा किंवा कायद्याचा पदवीधर दुसरीकडे उभा राहूं शकतो, आणि जागा मिळाली तर त्याच्या हातीं खेळाच्या प्रेमाबरोबर एक कसबहि असतें. नुसत्या प्रेमावर कारभार चालत नाहीं. खेळावर प्रेम करणारीं माणसें आपल्या देशांत थोडीं का आहेत? ताळेबंद वाचतां येणारीं व करारांतलें कलम ओळखणारीं थोडीं आहेत.

अनुभवासाठीं मात्र विद्यापीठाची वाट पाहावयास नको. विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेचा वार्षिक क्रीडामहोत्सव हीच या विद्येची पहिली पाठशाळा आहे. धांवण्याच्या मार्गावर चुन्याची फक्की सरळ मारणें, खोखोच्या सामन्याची गुणपत्रिका चोख ठेवणें, प्रथमोपचाराची पेटी सकाळींच तपासणें, आंतरशालेय स्पर्धेचे अर्ज वयाच्या दाखल्यांसह मुदतींत पाठविणें, हीं कामें हलकीं नव्हेत. एका दाखल्यावर शिक्का राहिला म्हणून वर्षभर घाम गाळलेला संघ न खेळतां परत फिरतो, असें प्रसंग शालेय स्पर्धांतून घडत असतात. त्या मुलांच्या डोळ्यांतलें पाणी ज्यानें पाहिलें असेल, तो कागदी कामास पुन्हां क्षुद्र म्हणणार नाहीं. आणि मुलींच्या बाबतींत तर कारभाराचें महत्त्व दुप्पट आहे. कपडे बदलण्यास आडोसा नाहीं, स्वच्छ शौचकूप नाहीं, सामना संपल्यावर सुरक्षित घरीं पोंचविण्याची सोय नाहीं, एवढ्याच कारणांनीं किती तरी गुणी मुली चौदाव्या-पंधराव्या वर्षीं मैदान सोडतात! त्यांस उपदेश नको आहे. या तीन गोष्टींची तजवीज करणारा कारभारी, किंबहुना कारभारीण, हवी आहे.

तेव्हां आपला पाल्य 'खेळाचा कारभार शिकतों' असें म्हणाला, तर पालकांनीं हंसूं नये व घाईनें होकारहि देऊं नये. यंदाच्या महोत्सवांत त्यानें कोणतें काम अंगावर घेतलें होतें, तें शेवटास नेलें कीं नाहीं, आणि बक्षिससमारंभांत आपलें नांव पुकारलें गेलें नाहीं याचें त्यास वाईट वाटलें काय, एवढें त्यास विचारावें. दुसऱ्याच्या गळ्यांत पडलेलें पदक पाहून ज्याचा चेहरा उजळतो, त्या मुलास या विद्येच्या मार्गावर खुशाल जाऊं द्यावें.