मन पुन्हा पुन्हा तिथंच का जातं?

नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण उघडकीला आलं, रडारड झाली, त्यानं माफी मागितली, प्रकरण मिटलं असं घरच्यांनी धरलं. तुम्ही मात्र रात्री तीन वाजता टक्क जाग्या! ‘सहा महिने झाले, मग मी अजून अशी का?’ असं तुम्ही विचारता.

अहो, सहा महिने म्हणजे काहीच नव्हे. दीड-दोन वर्षं सहज लागतात, असा समुपदेशकांचा अनुभव आहे. मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसासारखीच फसवल्या गेलेल्या जोडीदाराची अवस्था होते, असं शर्ली ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं आहे. फोन वाजला की छातीत धस्स होणं, डबा भरता भरता हात थांबणं, सकाळी संताप नि संध्याकाळी त्याच्याचबद्दल माया वाटणं, यात वेड लागल्याचं लक्षण काही नाही. ‘पुरुषाची जातच तशी’ म्हणून समजूत घालणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. आणि ‘माझ्यात काय कमी होतं?’ हा प्रश्नही सोडा. निर्णय त्याचा होता.

प्रश्न मात्र विचारायचे, पण दिवसभर नव्हे. मुलं झोपल्यावर अर्धा तास ठरवून घ्या. त्यात विचारा: संबंध खरोखर तुटला का, गाठीभेटी अजून होतात का, पैसा किती गेला, कुणाकुणाला ठाऊक आहे. शरीरसंबंधाचे बारकावे विचारू नका. ती चित्रं एकदा मनात शिरली की निघता निघत नाहीत. तो ‘झालं गेलं विसर’ म्हणून चिडत असेल, तर स्पष्ट सांगा की विसरण्याची तारीख तू ठरवायची नाहीस.

हे कुणाजवळ तरी बोलायला हवंच. पण आईला सांगण्याआधी दोनदा विचार करा. उद्या तुमचं जुळेल, आई मात्र जावयाला आयुष्यभर माफ करणार नाही! तोंडाची घट्ट नि तुमचा निर्णय तुमच्यावर सोडणारी एखादी मैत्रीण बरी. मुलांना यात निरोप्या करू नका.

लाज बाजूला ठेवून दोघांनीही तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. नवरा टाळाटाळ करू लागला तर तुम्ही एकट्या जा.

आता कायद्याचं. व्यभिचाराचं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केलं, त्यामुळे त्यासाठी पोलिसांत जाऊन उपयोग नाही. मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली ते घटस्फोटाचं कारण आजही आहे. एक मेख लक्षात ठेवा: माफ करून संसार पुन्हा सुरू केलात, तर पुढे त्याच जुन्या गोष्टीवरून घटस्फोट मागताना अडचण येऊ शकते. मन द्विधा असेल तर आधीच वकिलाला गाठा. तोवर रागाच्या भरात घर सोडू नका, कोऱ्या कागदावर सही तर नाहीच नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यानं राहत्या घरात राहण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे, घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी.

आणि झोप-भूक उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर वाट पाहू नका. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं.