मोड, घडणावळ आणि चाळिशीचं घड्याळ

चाळिशी दिसायला लागली की आयटीतल्या माणसाला दोन गोष्टी होतात. एक म्हणजे चष्म्याचा नंबर बदलतो. दुसरी म्हणजे त्या नव्या नंबरातून तो रात्री साडेअकराला लॅपटॉपवर घड्याळं बघायला लागतो. साधीसुधी नव्हेत बरं का! स्टीलची, जाडजूड, तीनशे मीटर पाण्याखाली चालणारी, आणि किंमत अशी की पहिल्यांदा वाचताना आपण बोट ठेवून शून्यं मोजतो.

माझी चाळिशी येत्या उन्हाळ्यात आहे आणि गेले सहा महिने मलाही हा आजार जडलाय. तेव्हा या शनिवारी त्याबद्दलच. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. मोठ्या वाढदिवसाला भारी घड्याळ घ्यायला माझी काही हरकत नाही. फक्त ते 'गुंतवणूक' म्हणून घेतोय असं कुणाला सांगू नका. बायकोला तर नकोच, स्वतःलाही नको.

मी मूळचा जळगावचा, पोटापाण्यासाठी पुण्यात. पुण्यातल्या मित्रांना घड्याळाचं सांगितलं की ते विचारतात, "कुठलं मॉडेल?" जळगावच्या मित्राला फोनवर सांगितलं तर पलीकडून एकच प्रश्न आला, "भो, मोड किती येते त्याची?"

हसू नका. त्या एका प्रश्नात बरंच अर्थशास्त्र आहे.

जळगाव हे सोन्याचं गाव. राजमल लखीचंद ही पेढी १८५४ सालची, म्हणजे गावात रेल्वे यायच्या आधीची. आमच्याकडे पोरगं चक्रवाढ व्याज शिकायच्या आधी 'मोड' आणि 'घट' शिकतं. दागिन्याच्या बिलावर वजन, कस, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ असे वेगवेगळे आकडे असतात. पुढे कधी दागिना मोडायला नेला तर वजनाचे आणि कसाचे पैसे मिळतात. घडणावळ मात्र दुकानाची पायरी उतरलात तेव्हाच संपलेली असते. म्हणून जुन्या बायकांना नक्षी कमी आणि वजन जास्त असा दागिना आवडतो. त्यांना सौंदर्यदृष्टी नसते असं नाही, त्यांना बिल वाचता येतं.

आता हाच हिशेब घड्याळाला लावून बघा. स्टीलचं घड्याळ पट्ट्यासकट साधारण दीडशे ग्रॅम भरतं. तेवढं स्टील भंगारात घातलं तर एक कटिंग चहा येईल. म्हणजे तुम्ही जे आठ लाख मोजता ते जवळजवळ सगळेच्या सगळे घडणावळीचे.

हे असं कधीपासून झालं, त्याचीही गंमत आहे. २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सेको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' नावाचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. त्यानंतर स्विस घड्याळवाल्यांचं जे व्हायचं ते झालं. १९७० च्या सुमाराला त्या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं कामाला होती, पंधरा-सोळा वर्षांत ती निम्म्याहूनही कमी उरली. त्या पडझडीच्या सुरुवातीलाच, १९७२ मध्ये, ऑडेमार पिगे कंपनीने 'रॉयल ओक' काढलं. डिझाइन जेराल्ड जेंटा यांचं, अष्टकोनी कडा, वर आठ स्क्रू उघडे, आणि धातू चक्क स्टील. किंमत ३,३०० फ्रँक, म्हणजे तेव्हाच्या कितीतरी सोन्याच्या घड्याळांपेक्षा जास्त! लोक हसले. पण आज 'लक्झरी स्पोर्ट्स वॉच' नावाचा जो प्रकार आहे, तो तिथून सुरू झाला. जळगावच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवशी घडणावळीने सोन्याला मागे टाकलं.

बरं, एवढे पैसे देऊन वेळ तरी अचूक कळते का? इथे आपल्यातला इंजिनिअर जागा होतो. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. (दोनाचा पंधरावा घात. हे वाचून ज्यांना आनंद झाला ते माझे खरे वाचक.) तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो. असं साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतं. चावीच्या उत्तम स्विस घड्याळाला 'क्रोनोमीटर' हे मानाचं प्रमाणपत्र मिळतं, त्याची अट काय? दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढं चालेल. महिन्याला नव्हे, दिवसाला! आपल्या हापिसात एखाद्या सर्व्हरचं घड्याळ असं वागलं तर आपण तिकीट उघडू.

आणि 'स्पोर्ट्स' या शब्दाचं तर विचारूच नका. एकेकाळी त्यामागे खरंच खेळ होता. जेजर लकुल्त्रचं 'रिव्हर्सो' १९३१ चं. हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी पोलो खेळताना घड्याळाची काच फोडून घ्यायचे, म्हणून डायल उलटं फिरवून आत लपवायची सोय केली. १९५३ ची रोलेक्स 'सबमरिनर' पाणबुड्यांसाठी होती. ओमेगाचं 'स्पीडमास्टर' १९६९ मध्ये चंद्रावर गेलं. आपण कुठे जाणार? मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी चालायला. तीनशे मीटर पाणी म्हणजे किती हे कळावं म्हणून सांगतो, देशातलं सर्वात उंच टिहरी धरण २६० मीटरचं आहे. ते काठोकाठ भरलं आणि तुम्ही तळाला जाऊन उभे राहिलात तरी घड्याळ चालू राहील. तुमचं मात्र अवघड आहे. :-)

तरीही घडणावळीला पैसे देण्यात मला काही गैर वाटत नाही. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथला दगड मोडीत काढला तर खडीच्या भावाने जाईल. माणसाच्या हातांनी आणि डोक्याने एखाद्या वस्तूत जे घातलंय त्याचे पैसे द्यावेत. विजेशिवाय, बॅटरीशिवाय, नुसत्या एका स्प्रिंगवर आणि दातेरी चाकांवर दिवसाला चार-सहा सेकंदांच्या फरकाने चालणारं यंत्र ही कमालच आहे. ज्याने आयुष्यात कधी एखादा प्रोग्राम मनासारखा चालवलाय त्याला हे सांगावं लागू नये.

गोची अशी की घड्याळाच्या किमतीत घडणावळ किती आणि नाव किती, हे बिलावर लिहिलेलं नसतं. सराफ निदान दोन ओळी वेगळ्या लिहितो. इथे एकच आकडा. त्यात पुन्हा हवं ते मॉडेल समोर नसतंच. एका शोरूममध्ये (नाव नको) मला अत्यंत अदबीने सांगण्यात आलं की आधी दुसरं काहीतरी घ्या, म्हणजे तुमचं 'प्रोफाइल' तयार होईल, मग यादीत नाव घालू. पैसे देऊन वस्तू घ्यायला माणूस आला आणि त्याचाच इंटरव्ह्यू! ही टंचाई हाच गुंतवणुकीच्या कथेचा पाया. मिळत नाही, म्हणून चढणार. पाटेक फिलिपने 'नॉटिलस'चं ५७११ हे स्टीलचं मॉडेल २०२१ मध्ये बंद केलं तेव्हा जुन्या बाजारात त्याचे भाव गगनाला भिडले. २०२२ च्या सुरुवातीनंतर तेच भाव घसरले. वर ज्यांनी उड्या मारल्या त्यांना मोड म्हणजे काय ते कळलं असेल. आणि दर पाच-दहा वर्षांनी सर्व्हिसिंगला जे हजारो रुपये जातात, ते त्या तक्त्यात कुणीच धरत नाही.

सोनं वेगळं. २००४ साली माझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष होतं आणि त्या वर्षाच्या फीमध्ये आईच्या पाटल्या आहेत. चार तोळे. दहा ग्रॅमचा भाव तेव्हा सहा हजारांच्या आसपास होता. दुकानात पाटल्या तराजूत पडल्या, घट वजा झाली, अर्ध्या तासात हातात रोख. ना कुणी 'प्रोफाइल' विचारलं, ना कुणी डबा आणि वॉरंटी कार्ड आहे का विचारलं. आई यावर कधी काही बोलली नाही. तिच्या लेखी सोनं असतंच त्यासाठी. म्हणून "मोड किती" या प्रश्नाला मी हसू शकत नाही. माझी नोकरी, पुण्यातला फ्लॅट, आणि रात्री साडेअकराला घड्याळं बघायची ऐपत, हे सगळं एका मोडीवर उभं आहे.

२०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला. त्या चार तोळ्यांना आता चार लाखांच्या पुढे लागतात, घडणावळ वेगळी. दुसरा हिशेब हवा असेल तर तोही आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. आठ लाखांचं घड्याळ म्हणजे जवळपास शंभर क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरा, म्हणजे वीस-पंचवीस एकरांचं वर्षभराचं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, वेचणी काही वजा न करता. हा आकडा तुम्हाला लाजवायला दिलेला नाही. पुण्यात गाडी घेताना आपण असला हिशेब करत नाही, मग घड्याळालाच का? पण आपण खानदेशातून आलोय, तर आकडा ठाऊक असावा एवढंच.

तेव्हा माझे नियम असे. घड्याळ हप्त्यावर घ्यायचं नाही. वाढदिवस एक दिवसाचा आणि हप्ते छत्तीस महिन्यांचे, हे काही साजरं करणं नव्हे. ज्याच्या मोडीवर आपण या वाढदिवसापर्यंत पोचलो, त्याचं वजन आधी परत करायचं. तुमच्याकडे त्या पाटल्या नसतील, वडिलांनी विकलेला जमिनीचा तुकडा असेल, थोरल्या बहिणीने सोडलेलं शिक्षण असेल. सगळंच परत करता येतं असं नाही, पण जेवढं तोळ्यात मोजता येतं तेवढं तरी करावं. मग जे उरेल त्यात घड्याळ बघावं.

आणि शेवटचा नियम, जो माझ्या दृष्टीने खरी परीक्षा आहे. आमच्याकडे भांड्यांच्या दुकानात स्टीलचं पातेलं घेतलं की दुकानदार विचारतो, "नाव काय टाकायचं?" मग ते मशीन टर्रर्र करत नाव आणि तारीख कोरतं. अमक्याच्या मुंजीनिमित्त, तमक्याच्या लग्नात मामाकडून. एकदा नाव पडलं की ते पातेलं घरातून जात नाही. आधीच्या पिढीची घड्याळंही अशीच होती. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने बंगलोरला कारखाना काढला, आणि पुढची तीसेक वर्षं दहावी पास झालेल्या पोरापासून निवृत्त होणाऱ्या मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या मनगटावर तेच आलं. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला, तरी कपाटांतून ती अजून निघतात आणि चावी दिली की चालतात. त्यांची मोड कुणी विचारली नव्हती.

तर घड्याळ घ्या आणि बिल झाल्या झाल्या मागच्या झाकणावर वाढदिवसाची तारीख कोरून घ्या. मागे काच असेल तर पट्ट्याच्या कडीवर. विक्रेता म्हणेल, "सर, रिसेल व्हॅल्यू जाईल." त्या क्षणी तुमच्या पोटात गोळा आला, तर तुम्ही वाढदिवस साजरा करत नाही आहात, दलाली करताय. मग सरळ सराफ बाजारात जा, तिथे हा धंदा जास्त प्रामाणिकपणे होतो. आणि गोळा नाही आला, तर खुशाल घ्या, अगदी आठ लाखांचंही.

माझं म्हणाल तर पाटल्यांची ऑर्डर दिली आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ती म्हणेल नक्षी कमी कर. उरलेल्या पैशांत आठ लाखांचं काही बसत नाही. लाखाच्या आतलं, छत्तीस मिलिमीटरचं, साधी पांढरी तबकडी असलेलं एक ऑटोमॅटिक हेरून ठेवलंय. मागे काय कोरायचं ते ठरायचंय. बायको म्हणते तारीख टाक, नाव नको. चोरीला गेलं तर चोराला उगाच अवघडल्यासारखं होईल.