प्रोग्रामरच्या हाती कुंचल्याची सक्ती

विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यात दर वर्षी पावसाळ्याच्या सुमारास राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेण्यासाठी दाखल होतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा ही नावे त्यांच्या पालकांनाही ठाऊक असतात आणि 'प्रोग्रामिंग शिकले की नोकरी' हे समीकरण घराघरांत पक्के झालेले असते. वर्ग सुरू होतात, सी आणि जावाची तोंडओळख होते, पहिला प्रोग्राम चालतो आणि आपण योग्य वाटेवर असल्याची खात्री पटू लागते. अशा वेळी एखाद्या सत्राच्या विषयांत ग्राफिक डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा एक सक्तीचा विषय समोर येतो. फोटोशॉप, कोरलड्रॉ किंवा त्यासारखे दुसरे काही. प्रात्यक्षिकात भित्तिपत्रक करायचे, बोधचिन्ह काढायचे, संकेतस्थळाचे मुखपृष्ठ रंगवायचे आणि त्यावर गुण मिळवायचे. गणितात नव्वद गुण मिळविणारा विद्यार्थी येथे हतबल होतो.

ही हतबलता आळसातून आलेली नसते. प्रोग्राम चुकला तर संगणक निदान ओरडतो. चूक कोणत्या ओळीत आहे, याचा अंदाज देतो. चित्र चुकले तर संगणक गप्प बसतो. भलताच थर निवडलेला असल्याने कुंचला चालत नाही, पेन टूलने काढलेली वक्ररेषा मनाविरुद्ध वळते, आणि सारे जुळून आले तरी 'हे चांगले दिसत नाही' एवढाच शेरा मिळतो. ते चांगले का दिसत नाही, हे सांगणारा नियम त्याला कोणी शिकविलेला नसतो. परिणामी वर्गातील दोन-तीन हात बसलेल्या मुलांकडून काम करून घेणे, तयार नमुन्यात नावे बदलणे आणि वहीत आज्ञांचे क्रम पाठ करणे, या मार्गांनी विषय कसाबसा सोडविला जातो. प्रश्न एका विद्यार्थ्याच्या गुणांचा नाही. जे शिकविले गेले नाही त्याची परीक्षा घेण्याची पद्धत आपण किती सहज स्वीकारली आहे, हा खरा प्रश्न आहे.

हा विषय आला कोठून?

ही सक्ती कोणाच्या लहरीतून जन्माला आलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरची काही वर्षे संकेतस्थळे उभारण्याची रीतच तशी होती. संपूर्ण पान आधी फोटोशॉपमध्ये रंगविले जाई, मग त्याचे तुकडे कापून एचटीएमएलच्या चौकटींत बसविले जात. गोल कोपरा, सावली, रंगछटांचे बटण यांपैकी काहीही ब्राउझरला स्वतः काढता येत नसे. प्रत्येकासाठी लहानसे चित्र लागे. छोट्या कंपनीत चित्र काढणारा आणि कोड लिहिणारा बहुधा एकच असे. त्या काळी प्रोग्रामरला फोटोशॉप येणे ही नोकरीची गरज होती.

त्याच सुमारास छपाईच्या व्यवसायाने संगणकाची कास धरली होती. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून खिळे जुळविणाऱ्यांची जागा डीटीपी करणाऱ्यांनी घेतली. पेजमेकर, कोरलड्रॉ आणि फोटोशॉप ही त्रयी शिकली की रोजगार मिळतो, असा अनुभव अनेकांना आला. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ही दोन्ही वास्तवे पाहिली आणि सॉफ्टवेअरची नावे विषयपत्रिकेत शिरली. एकदा शिरलेले नाव मात्र सहसा बाहेर पडत नाही.

बाहेरचे जग या काळात थांबले नव्हते. २०१० मध्ये ईथन मारकॉट यांनी 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही संकल्पना मांडली. मोबाइलपासून मोठ्या पडद्यापर्यंत एकच पान आपला आकार बदलणार असेल, तर ठरावीक रुंदीचे रंगविलेले चित्र कापून बसविण्यात अर्थ उरत नाही. गोल कोपरे, सावल्या आणि रंगछटा ब्राउझर स्वतःच काढू लागले. आराखड्याचे काम ब्राउझरमध्येच चालणाऱ्या फिग्मासारख्या साधनांकडे सरकले. रचनाकार तेथे आराखडा करतो, प्रोग्रामर तोच उघडून अंतरे, रंग आणि अक्षरांची मापे वाचतो. हा बदल किती मोठा होता, याची कल्पना एका घटनेवरून येईल. फोटोशॉपची मालक असलेल्या अडोबी कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये फिग्मा तब्बल २० अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली. युरोप आणि ब्रिटनमधील नियामकांच्या आक्षेपांनंतर डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार सोडून द्यावा लागला.

एखाद्या साधनाच्या नावावर अभ्यासक्रम बांधण्याचा धोका याहूनही जुना आहे. १९८५ मध्ये आलेल्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्याकडील शिकवण्यांच्या पाट्यांवर ते नाव झळकत राहिले. फ्लॅशची कथा आणखी बोलकी आहे. मल्टिमीडिया शिकणाऱ्या एका संपूर्ण पिढीने त्यात हात बसविला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार कायमचा काढून घेतला गेला. ज्यांनी त्यातून हालचालीचे, वेळेचे आणि मांडणीचे तत्त्व उचलले, त्यांचे फारसे बिघडले नाही. ज्यांनी केवळ मेनूतील आज्ञा पाठ केल्या, त्यांच्या हाती काही उरले नाही.

सक्ती संस्थेची, खर्च विद्यार्थ्याचा

या सक्तीची आर्थिक बाजू क्वचितच चर्चेत येते. २०१३ मध्ये अडोबीने आपली प्रमुख सॉफ्टवेअर एकदाच विकण्याची पद्धत बंद करून वर्गणीचा मार्ग धरला. विद्यार्थ्यांना सवलत मिळते हे खरे. परंतु कॉटबेसिसवर राहून मेसचा डबा खाणाऱ्या मुलाला दरमहा एका सॉफ्टवेअरची वर्गणी भरणे सोपे नाही. शिवाय आजच्या फोटोशॉपला किमान ८ जीबी रॅम लागते आणि १६ जीबी असावी, अशी शिफारस केली जाते. कोड लिहिण्यापुरता घेतलेला वा जुना लॅपटॉप येथे धापा टाकू लागतो. महाविद्यालयाची प्रयोगशाळा ठरावीक वेळी बंद होते. मग उरतो तो सर्वांना माहीत असलेला आणि कोणीच न बोलणारा मार्ग, म्हणजे चोरीची प्रत.

या मार्गाचे गांभीर्य विद्यार्थ्यांना सांगितले जात नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणकीय प्रोग्रामची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कारावास टाळून ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकते. म्हणजे 'आम्ही तर शिकण्यासाठी वापरतो' हा बचाव पूर्णपणे तारत नाही. पुस्तकाच्या खासगी अभ्यासाला कायदा जी मोकळीक देतो, ती संगणकीय प्रोग्रामला त्याच कलमात नाकारली आहे. कुलूप तोडलेल्या प्रतींबरोबर संगणकात घुसणाऱ्या घातक प्रोग्रामचा धोका वेगळाच. जी मुले उद्या स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरणार आहेत, त्यांना शिक्षणाच्या पहिल्याच पायरीवर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरची चोरी करण्यावाचून पर्याय न ठेवणे, यातील विसंगती कोणाच्याच लक्षात येऊ नये काय?

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. गणेशोत्सवाचे किंवा महाविद्यालयीन स्पर्धेचे भित्तिपत्रक मराठीत करायला तो बसतो, तेव्हा युनिकोडमधील मजकूर सॉफ्टवेअरमध्ये नेताच योग्य पर्याय निवडलेला नसेल तर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसरीकडे नेला की त्याची अगम्य चिन्हे होतात. लिपी संगणकात कशी साठविली जाते आणि कशी रेखाटली जाते, हे समजावून सांगण्याची ही उत्तम संधी असते. ती साधण्याऐवजी 'इंग्रजीतच करा' असे सांगून विषय मिटविला जातो.

तक्रारीची दुसरी बाजू

असे असले तरी विद्यार्थ्यांची तक्रार संपूर्णपणे मान्य करता येणार नाही. 'मला कोड लिहायचा आहे, चित्र काढायचे नाही' हा युक्तिवाद आकर्षक असला तरी अपुरा आहे. बँकेचे, रेल्वेचे किंवा रुग्णालयाचे सॉफ्टवेअर वापरणारा माणूस कोड पाहत नाही. त्याला पडदा दिसतो. फिक्या पार्श्वभूमीवर फिकी अक्षरे असतील तर वृद्ध निवृत्तिवेतनधारकाला ती वाचता येत नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनी सामान्य आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाच्या फरकाचे किमान प्रमाण ४.५ : १ असे ठरवून दिले. हा नियम आकड्यांत मांडलेला आहे आणि प्रोग्रामरला तो सहज तपासता येतो. सौंदर्यदृष्टी उपजत नसली तरी वाचनीयता शिकता येते.

किंबहुना चित्र आणि गणित यांच्यातील दरी आपणच वाढविली आहे. ज्या पेन टूलपुढे विद्यार्थी हात टेकतो, त्यामागे बेझिए वक्राचे समीकरण आहे. पिएर बेझिए हे रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते होते आणि १९६० च्या दशकात मोटारींच्या पत्र्याचे वळण अचूक मांडण्यासाठी त्यांनी ही पद्धत रूढ केली. मोटारींच्या कारखान्यांचे शहर असलेल्या पुण्यात हे सांगायला फार दूर जावे लागत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला 'कॉम्प्युटर ग्राफिक्स' हा विषय होता. बिंदूंतून रेषा कशी काढावी, याची ब्रेसेनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये शोधलेली रीत अशा वर्गांत शिकविली जाते. फळ्यावर ही रीत आणि शेजारच्या प्रयोगशाळेत पेन टूल. दोन्हींचा परस्परसंबंध जोडून दाखविला, तर तोच विद्यार्थी कुतूहलाने पुढे येईल. एसव्हीजी हा चित्राचा प्रकार २००१ पासून वेबचे अधिकृत मानक आहे. त्यातील चित्र म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेल्या आज्ञा असतात. ज्याला कोड येतो, त्याला या वाटेने चित्रही येऊ शकते.

दोन विद्यांचा संगम फलदायी ठरल्याचे उदाहरणही आपल्याच भाषेत आहे. 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट विंडोज २००० पासून असंख्य मराठी माणसांच्या संगणकांवर आहे. तो घडविणारे र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक होते. अक्षराचा डौल जाणणारा कलावंत संगणकतज्ज्ञांच्या सोबतीने कामाला बसला, म्हणून ते घडले.

उपाय आवाक्यातील आहेत

या पार्श्वभूमीवर काय करता येईल? पहिली गोष्ट म्हणजे विषयपत्रिकेत सॉफ्टवेअरचे नाव न लिहिता अपेक्षित कौशल्य लिहावे. मांडणी, रंगसंगती, अक्षरांची निवड, वाचनीयता आणि दुसऱ्याने केलेला आराखडा वाचून तो कोडमध्ये उतरविणे, ही ती कौशल्ये. साधन कोणतेही चालावे. जिंप हे १९९० च्या दशकापासून आणि इंकस्केप हे २००३ पासून विनामूल्य उपलब्ध असलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात या दोन्हींचे पाठ आहेत आणि प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. राज्यातीलच एका नामवंत संस्थेने तयार केलेले हे साहित्य वर्गापर्यंत पोहोचू नये, याला कारण नाही. संस्थेला विशिष्ट महागडे सॉफ्टवेअरच हवे असेल, तर त्याचा परवाना आणि प्रयोगशाळेची पुरेशी वेळ देण्याची जबाबदारीही संस्थेनेच घ्यावी.

दुसरी बाब मूल्यमापनाची. भित्तिपत्रक देखणे किती, यापेक्षा विद्यार्थ्याने घेतलेल्या निर्णयांचे कारण त्याला सांगता येते का, हे तपासले पाहिजे. ही अक्षरे एवढी मोठी का, हा रंग येथे का, हे विचारले की पाठांतर आणि उसने काम दोन्ही उघडे पडतात. अर्थात त्यासाठी शिकविणाराही तयार हवा. जावा शिकविणाऱ्या अध्यापकावर ऐन वेळी डिझाइनचे तास लादले जात असतील, तर त्याला दोष देऊन भागणार नाही.

तिसरा उपाय पुण्यात इतर कोठल्याही शहरापेक्षा सोपा आहे. येथे अभिनव कला महाविद्यालय आहे, लोणी काळभोर आणि विमाननगर येथे डिझाइनच्या स्वतंत्र संस्था आहेत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची तर गणतीच नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्याने २०२३ मध्ये श्रेयांकांची नवी चौकट स्वीकारली. तीत कौशल्याधारित आणि विद्याशाखेबाहेरील विषयांना जागा दिली आहे. कलाशाखेच्या आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी एकत्र प्रकल्प करावा व दोघांनाही त्याचे श्रेयांक मिळावेत, एवढी लवचिकता या चौकटीत निश्चितच शोधता येईल. उद्योगात काम असेच चालते. एकट्या माणसाने सारे करण्याचे दिवस मोठ्या कंपन्यांत तरी केव्हाच सरले.

नव्या चौकटीमुळे महाविद्यालये आपापल्या कौशल्यविषयांच्या याद्या करीत आहेत. अशा वेळी जुन्या विषयांना नवे क्रमांक देऊन मोकळे होण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो टाळला गेला नाही, तर उद्याचे विद्यार्थीही कोणत्या तरी नव्या सॉफ्टवेअरचे मेनू पाठ करीत बसतील आणि ते सॉफ्टवेअर त्यांची पदवी हाती पडण्यापूर्वीच मागे पडलेले असेल. विषयपत्रिका ठरविणाऱ्या अभ्यासमंडळांनी निदान एक तास प्रयोगशाळेत या मुलांच्या शेजारी बसून पाहावे. पुढचा निर्णय घेणे त्यांना फारसे अवघड जाणार नाही.