रश्श्याविना शेवया

मैत्रिणींनो, जपानी नूडल्स म्हटलं की वाफाळत्या रश्श्यात बुडालेला रामेनचा वाडगाच डोळ्यांपुढे येतो, होय ना? पण इथे टोकियोत, आमच्या एदोगावा भागात, घराजवळच्या गल्लीत आठ स्टुलांचं एक दुकान आहे, तिथल्या वाडग्यात रस्सा औषधालाही नसतो! या प्रकाराला म्हणतात अबुरा सोबा. अबुरा म्हणजे तेल. सोबा म्हणजे खरं तर कुट्टूच्या शेवया, पण या मात्र गव्हाच्याच; नावावर जाऊ नका.

शिकवणीचे तास असतात त्या दिवशी परतताना मी तिथे जाते. एकटीच. फोनवर हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकटी बाईमाणूस हॉटेलात बसून खातेस?" त्यांचंही चूक नाही. आपल्याकडे हॉटेलात जायचं ते सगळ्यांनी मिळून, आणि घरी आपण सगळ्यांना वाढून झाल्यावर निवलेलं खायचं. पण हा पदार्थच असा, की तो कुणासाठी थांबत नाही. रस्सा नसल्यामुळे शेवया पटकन निवतात आणि एकमेकींना चिकटतात. समोर आला की खायचाच!

दारातच यंत्र असतं. पैसे टाकायचे, चिठ्ठी घ्यायची, ओट्यापलीकडच्या माणसाच्या हाती द्यायची. कुणी विचारत नाही, "बरोबर कोण आहे?" शेजारी ऑफिसातली मुलगी, पलीकडे एखादे आजोबा, सगळे आपापल्या वाडग्यात डोकं घालून. पहिल्या दिवशी मला संकोच वाटला, खोटं कशाला सांगू! आता वाटत नाही.

वाडग्याच्या तळाशी सोया सॉस नि तेल असतं. त्यावर गरम शेवया, कांद्याची पात, बांबूचे कोंब, डुकराच्या मांसाचे काप. (शाकाहारी भगिनींनी जपावं, काप काढायला सांगितले तरी तेलात बहुधा चरबी असतेच.) आधी तळापासून नीट कालवायचं, दहीभात कालवतो तसं, प्रत्येक शेवईला मसाला लागेपर्यंत. निम्मं संपलं की व्हिनेगर आणि तिखट तेल घालायचं. चव अगदी पालटते.

१९५० च्या दशकात टोकियोच्या पश्चिमेला, मुसाशिनो आणि कुनिताची या बाजूला हा प्रकार निघाला. त्याचा धाकटा भाऊ 'ताइवान माझेसोबा' मात्र २००८ सालचा, नागोयाचा. त्याची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातलीच वाटावी अशी आहे, बरं का! एका दुकानदारानं दुसऱ्या पदार्थासाठी तिखट खिमा केला, तो काही रश्श्याला जमेना. टाकायला निघाला, तेवढ्यात मदतनीस म्हणाली, शेवयांवर घालून बघू या. तोच पुढे प्रसिद्ध झाला. त्या शेवया पाण्यात काठीनं मुद्दाम घोळतात, म्हणजे वरून खरबरीत होतात आणि मसाला धरून ठेवतात. शेवटी तळाशी उरतं त्यात घासभर भात मागून घ्यायचा नि वाडगा पुसून टाकायचा.

घरी करायचा तर एका माणसापुरता करा. वाडग्यात दीड मोठा चमचा सोया सॉस, एक चमचा तेल (तिळाचं असल्यास उत्तम), चिमूटभर साखर, ठेचलेली लसूण. शेवया उकडून पाणी पूर्ण निथळा, गार पाण्याखाली धरू नका, तशाच वाडग्यात घाला. वर कांद्याची पात, हवं तर अंड्याचा बलक. आणि हो, घरच्यांची ताटं आधी वाढून ठेवा किंवा नंतर वाढा, पण हा वाडगा हातात आल्यावर मध्येच उठू नका. दाराची घंटा वाजली तर दुसरं कुणीतरी उघडेल.